'नको' नावाचा फोल्डर

भावाच्या कंप्युटरमध्ये जागा उरली नाही म्हणून त्याने मला बोलावलं आणि मी जाऊन जागा करून दिली. आमच्या नात्यागोत्यात ही हकीकत एवढीच सांगतात, आणि तेवढी ती खरीही आहे. बाकीची मी सांगते. ती आठवली की मला अजूनही मनातून उकळ्या फुटतात, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

मला कोड आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक ते बोलत नाहीत, नुसते बघत राहतात. तिशीच्या आत ओठाच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका उमटला, मग डोळ्यांभोवती, मग गालावर, मग हातांवर. तोवर मला स्थळं येत होती. ठिपका गालावर आला तशी ती यायची थांबली. काही वर्षं मी मलमं चोळली, आंबट सोडलं, मासे सोडले, कोणी सांगेल त्या वैद्याकडे आणि कोणी सांगेल त्या देवाकडे गेले. मग एके दिवशी बाजारातून ताजे बोंबील आणले, कुरकुरीत तळून एकटीने खाल्ले आणि तो विषय संपवला. आरशाशी माझं भांडण त्या दिवशी मिटलं. लोकांशी मिटलं नाही. शेअर रिक्षात शेजारची बाई अंग चोरून बसली की मी मुद्दाम तिच्याकडे सरकते. भाडं दोघींनी सारखंच दिलेलं असतं.

पोटापाण्यासाठी मी माणिकपूरला कंप्युटर क्लासमध्ये शिकवलं. तिथल्या मुलांना माझ्या चेहऱ्याची सवय व्हायला एक आठवडा लागायचा, माझ्या आवाजाची मात्र कधीच झाली नाही. त्या पगारावर गोखिवऱ्याला एका खोलीचा फ्लॅट घेतला आणि तिथेच एकटी राहते. भाऊ माझ्याहून लहान. तो गावच्या घरी, राजोडीच्या अलीकडे, केळीची आणि चाफ्याची वाडी सांभाळतो. घरात तो, वहिनी आणि दोन मुली.

या गोष्टीत महत्त्वाची आहे ती मोठी भाची. तिच्या बारशाला तिच्या कानात नाव मी सांगितलं. आत्याचा तो मानच असतो, पण मी तो नुसता मान म्हणून घेतला नाही. वहिनी वाडीत राबायची, त्यामुळे पोर सुट्टीत माझ्याकडे असायची, आणि दहावी-बारावीची दोन्ही वर्षं तर ती माझ्या खोलीतच राहून शिकली. कंप्युटर मी शिकवला. माझा एक नियम होता, तो तिच्याही डोक्यात पक्का बसवला होता. फोल्डरला नाव द्यायचं ते सरळ द्यायचं, उघडून न बघता आत काय आहे ते कळलं पाहिजे. ती शाळेत सगळ्यांना सांगायची, माझी आत्या कंप्युटरची टीचर आहे. एकदा कोणा मुलीने माझ्या तोंडावरून काही विचारलं, तेव्हा तिने त्या मुलीची वेणी ओढून तिला रडवलं होतं. मला मूल नाही, पण ती होती, आणि ती पुरेशी आहे असं मी धरून चालले होते.

तिचं लग्न झालं. चांगलं दणक्यात झालं. मांडवात मी एका जागी बसले नाही. वहिनी सारखी म्हणायची, "ताई, तेवढे हार आले का बगा." "ताई, आयस्क्रीमवाल्याला तुमीच सांगा, तो दुसऱ्या कोनाचं ऐकत नाय." "ताई, पान्याचं बगा जरा, तुमच्याशिवाय कोन करनार?" मी पदर खोचून धावत होते आणि मनातून फुलत होते. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात वहिनीला माझ्यावाचून चालत नाही, याचा मला अभिमान वाटत होता. मधूनच मी स्टेजवर जाऊन भाचीच्या गालाला हात लावून यायची, तेवढ्यात पुन्हा हाक यायची. एवढं कौतुक मला आयुष्यात मिळालं नव्हतं.

आता फोटोंचं सांगते. हल्ली फोटोवाला लग्नाचे सगळेच्या सगळे फोटो घरच्यांच्या हवाली करतो आणि म्हणतो, आल्बममध्ये कुठले घालू ते निवडून द्या. घरचे महिनोन् महिने निवडत बसतात. आमच्याकडेही तेच झालं. फोटोवाल्याने बजावून सांगितलं होतं की वर्षापलीकडे तो स्वतःकडे काही ठेवत नाही. वर्ष उलटलं, भाची बाळंतपणाला आली आणि परतही गेली, तरी आल्बम काही झाला नव्हता. आणि आता अचानक तो हवा होता. धाकटीसाठी एक स्थळ चालून आलं होतं, माणसं बघायला येणार होती, आणि घरात दाखवायला आल्बम नाही म्हणजे काय!

नेमकं त्याच वेळी कंप्युटरने अपडेट घेतलं. भावाचा फोन आला. "ताय, सकाळपास्नं नुसता गोल गोल फिरत व्हता. आता उघडला तर जागा नाय म्हनतो. लाल पट्टी आलीय. फोटो पेनड्राइव्हवर घ्यायला गेलो तर तिथंच अडकतो. तू येतेस काय?"

मी गेले. भाऊ वाडीत होता, वहिनी ओट्यापाशी, धाकटी कॉलेजला. मी कंप्युटरसमोर बसले आणि माझं रोजचं काम सुरू केलं.

मोठं अपडेट येतं तेव्हा नवी सिस्टिम बसते, पण जुनीही काही दिवस एका कोपऱ्यात ठेवून दिलेली असते, न जाणो परत जावं लागलं तर. नवा भाडेकरू आला तरी जुन्याचं सामान पॅसेजमध्ये पडलेलं असावं, तसं ते असतं. बरीचशी जागा त्यानेच खाल्लेली असते. मी ते सामान काढून टाकलं. मग टेम्पररी फायली काढल्या. रिसायकल बिन रिकामं केलं, ते कंप्युटर आणल्यापासून कोणी रिकामं केलं नसावं. डाउनलोड्स उघडलं तर सुप्रभातची फुलं, केळीवरच्या रोगाचे व्हिडिओ, आणि एकच भजन पुन्हा पुन्हा उतरवून ठेवलेलं. भावाला एखादी गोष्ट सापडली नाही की तो ती परत उतरवतो. सगळं साफ केलं. लाल पट्टी निळी झाली. पण अपडेट अर्ध्यात अडकलं होतं, ते पुन्हा चालू झालं आणि आणखी जागा मागू लागलं.

डेस्कटॉपवर भाचीच्या लग्नाचा फोल्डर होता. त्याच्या पोटात दोन फोल्डर होते, एक 'घ्यायचे' आणि दुसरा 'नको'. मला बघूनच बरं वाटलं. नावं अगदी मी शिकवल्यासारखी सरळ होती. तेव्हाही डिस्क भरत आली असावी, म्हणून निवडणाऱ्याने फोटो कॉपी न करता कट केले होते. म्हणजे प्रत्येक फोटो एकच होता, एक तर इकडे, नाही तर तिकडे.

भावाने वाडीतूनच खिडकीपाशी येऊन विचारलं, "झालं काय?"

"अजून जागा लागतेय," मी म्हटलं.

"मंग तो नको उडव ना. तोच भलामोठा हाय. ठेवायचा कशाला?"

माझा दुसरा नियम असा की न उघडलेला फोल्डर उडवायचा नाही. क्लासमध्ये या नियमापायी मी पोरांची डोकी खाल्ली आहेत. म्हणून मी 'नको' उघडला आणि फोटो मोठे करून लावले. वाटलं होतं की डोळे मिटलेले, हललेले, कोणाच्या तरी पाठमोऱ्या टकलाचे असतील. तसे होतेही थोडे. पण बाकीचे चांगले होते. हळदीचा एक होता, भाची खळखळून हसतेय, कानाच्या पाळीपर्यंत हळद, आणि मागे वाटी धरून मी. मला कळेना हा का नको. पुढचा हार घालतानाचा, दोघांच्या डोक्यांच्या मधून माझं तोंड. पुढचा सगळ्या घराचा, टोकाला मी, धापा टाकत आलेली. पुढच्यात भाची माझ्या गळ्यात पडून रडतेय, आणि तिच्या खांद्यावरून माझा चेहरा दिसतोय, ठिपक्यांसकट, अगदी स्वच्छ उजेडात.

मी सरकवत गेले. शेवटपर्यंत गेले. चांगला म्हणावा असा एकही फोटो त्यात माझ्याशिवाय नव्हता.

मग 'घ्यायचे' उघडला. तोही शेवटपर्यंत बघितला. त्यात मी कुठेच नव्हते. एका फोटोच्या कडेला माझ्या साडीचा पदर तेवढा आला होता. तो चालला असावा.

मांडवातल्या त्या हाका मला तिथे बसल्या बसल्या पुन्हा ऐकू आल्या. हार बगा, पान्याचं बगा. फोटोवाला घरच्यांना स्टेजवर बोलवायचा तेव्हाच त्या यायच्या. मी अभिमानाने धावत होते, आणि ही माणसं मला मुद्दाम धावायला लावत होती. माझे कान गरम झाले. पण वहिनीचं मला काही नवीन नव्हतं. वहिनी आहे, ती आपल्या मुलींचं बघणार. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. हे दोन ढीग कोणी केले?

मी हाक मारून साध्या आवाजात विचारलं, "वहिनी, फोटो निवडले कोणी गं?"

"कोन म्हनजे? तिनंच," वहिनी आतून म्हणाली. "बाळंतपनाला आली व्हती तवा बसून सगळं तिनंच केलं. आमाला काय कळतंय त्यातलं? धाकटीचं जमायचंय, आल्बम चार लोकांम्होरं जातो, म्हनून चांगले चांगले तेवढे बाजूला..." नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण मला रडू येत नाही, मला राग येतो. ज्या पोरीच्या कानात मी नाव सांगितलं, तिने एकेका फोटोवर थांबून माझं तोंड शोधलं होतं. घाईत केलं असतं तर एखादा तरी निसटला असता. एकही निसटला नव्हता. काम चोख होतं. शिकवणारी मीच होते.

मी ठरवलं. ठरवायला फार वेळ लागला नाही.

दोन फोल्डरची नावं आपापसात बदलायची तर मधे एक तिसरं नाव द्यावं लागतं, एकाच नावाचे दोन फोल्डर मशीन शेजारी शेजारी ठेवू देत नाही. मी 'नको'चं नाव आधी 'आत्या' केलं. मग 'घ्यायचे'चं नाव 'नको' केलं. मग 'आत्या'चं नाव 'घ्यायचे' केलं. तीन वेळा नाव टाइप केलं, एवढंच. आत बोट लावलं नाही. मग भावाला हाक मारली.

तो हात पुसत आत आला. मी खुर्ची मागे घेतली आणि म्हटलं, "हे बघ. हा 'नको'. उडवायचा म्हणतोस ना?"

"उडव की."

"तूच उडव. उद्या कोणी मला बोलायला नको."

"त्यात काय एवढं?" तो वाकला. कुठली दोन बटणं एकदम दाबायची ते मी दाखवलं, म्हणजे रिसायकल बिनमध्ये न जाता फोटो थेट जातील. मशीनने विचारलं, कायमचं घालवायचं का? भावाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने दाबलं. हिरवी पट्टी सरकत सरकत भरली, आणि त्याने घेतलेल्या हारांचे, त्याच्या व्याह्यांचे, स्टेजवर येऊन गेलेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या पुढाऱ्यांचे, सगळे फोटो गेले. तो त्या माणसांशेजारी पोट आत घेऊन उभा होता. मी ते बघून घेतलं होतं.

"झाली काय जागा?" त्याने विचारलं.

"झाली," मी म्हटलं. "भरपूर झाली."

लगेच मी अपडेट पुढे सोडलं. मोकळ्या झालेल्या जागेवर ते येऊन बसलं, म्हणजे कोणी दुकानात नेऊन गेलेलं परत काढायचं म्हटलं तरी हाती काही लागू नये. मग नवा 'घ्यायचे' पेनड्राइव्हवर घेतला आणि तो भावाच्या हातात दिला. दुसऱ्याच दिवशी त्याने तो फोटोवाल्याकडे पोचवला. वहिनीने जाताना केळफुलाची भाजी डब्यात घालून दिली आणि माझ्या डोळ्यांना डोळा दिला नाही. घरी येऊन मी ती भाजी चवीने खाल्ली.

पुढचे काही दिवस मी फार मजेत होते. क्लासमध्ये कोणाला ओरडले नाही. पोरं घाबरली.

मग फोटोवाल्याने आल्बम कसा दिसेल ते मोबाइलवर पाठवलं आणि घरात हलकल्लोळ झाला. आधी भावाचा फोन आला. "ताय, मी काय दाबलं गं?"

"तू 'नको' दाबलास," मी म्हटलं. हे अक्षरशः खरं होतं.

वहिनीला संशय आला असणार. पण मला काही विचारायचं तर आधी 'नको'मध्ये काय ठेवलं होतं ते तिला तोंडाने सांगावं लागलं असतं. ते तिच्याने झालं नाही. ते कोणाच्यानेच झालं नसतं, हे मी आधीच ओळखलं होतं, आणि खरी गोडी त्यातच होती.

संध्याकाळी मोठ्या भाचीचा फोन आला. मागे बाळ कुरकुरत होतं. "आत्या, ते फोटो परत येतील का गं?"

"त्या जागेवर अपडेट बसलंय. आता नाही यायचे."

तिने बाळाला थोपटल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाली, "तू उघडून बघितलं होतंस का? उडवायच्या आधी?"

"मी कशाला उघडू? नावावरून कळतं की. तूच दिलं होतंस ना नाव?"

यावर ती काही म्हणेल म्हणून मी थांबले. अगदी मनापासून थांबले. तिने नुसतं 'आत्या, चुकलं गं' म्हटलं असतं ना, तर मी तिथेच विरघळले असते, पुढचं काही घडलं नसतं. मी फोन कानाशी घट्ट धरून उभी होते. ती म्हणाली, "बरं," आणि बाळ रडतंय म्हणून तिने फोन ठेवला.

ठीक आहे, मी म्हटलं. आता आल्बम निघणार तो माझ्यासकट निघणार. नवरी आणि आत्या, हळद आणि आत्या, हार आणि आत्या. दुसरे फोटोच शिल्लक नव्हते. धाकटीला बघायला येतील ती माणसं पान उलटतील आणि पानापानावर माझं तोंड बघतील. लपवा म्हणावं आता.

पाहुणे येणार तो रविवार ठरला. भावाने आडून आडून सांगितलं, "तू उगाच दगदग करू नको ताय, एवढ्या लांबून. ठरलं की सांगतो तुला." मी "बरं" म्हटलं, आणि रविवारी माझी सगळ्यात चांगली साडी, ती गर्द जांभळी, नेसून पाहुण्यांच्या आधी अर्धा तास दारात उभी राहिले. वहिनीच्या हातात सुकेळ्यांची, वाडीतल्या वाळवलेल्या केळ्यांची, बशी होती. ती बशी घेऊन ती नुसतीच उभी राहिली. मोठी भाची सासरहून आली होती. तिने "आत्या, ये," म्हटलं आणि बाळाचं काहीतरी नीट करायला आत गेली.

मुलगा आणि त्याची आई आली. विरारला राहणारी नोकरदार माणसं, मूळची घाटावरची. मुलगा लाजाळू होता. त्याची आई ठसठशीत, मोकळ्या बोलण्याची होती. माझी ओळख कोणी करून दिली नाही. शेजारीण असेन, कामाला आलेली असेन, काय वाटायचं ते वाटो, अशा हिशेबाने मला भिंतीकडेच्या स्टुलावर सोडून दिलं होतं. पण त्या बाई सोफ्यावर सरकल्या आणि म्हणाल्या, "इकडे बसा ना, तिथे अवघडून कशाला?" मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी अंग चोरलं नाही. ते मी लगेच टिपलं. मला ते टिपायची सवयच आहे.

धाकटी येऊन बसली, बोलणं झालं, सुकेळी खाऊन झाली. आणि मग मोठ्या भाचीने मखमली खोक्यातून आल्बम काढला आणि बाईंच्या मांडीवर ठेवला. मी पुढे वाकले. खरं सांगते, मला तहान लागल्यासारखं झालं होतं.

पहिलं पान गणपतीचं. दुसऱ्या पानावर हळदीचा तो फोटो, पानभर. भाची हसतेय, कानापर्यंत हळद, आणि मागे वाटी धरून एक बाई उभी होती. अंबाडा माझा होता. नाक माझं होतं. साडी माझीच. पण चेहरा एका रंगाचा होता, गुळगुळीत, गव्हाळ, कुठे ठिपका नाही की डाग नाही. ओठाचा कोपरा भरून काढलेला होता. वाटीभोवतीची बोटं नव्या नवरीच्या हातांसारखी.

पुढच्या पानावर तीच बाई. त्याच्या पुढच्याही. फोटोवाल्याने एकही जागा सोडली नव्हती.

आणि एक क्षण ती बाई मला आवडली. नाही कशाला म्हणू? चिकटलेले पापड सोडवावेत तसे माझे डोळे मला त्या पानावरून ओढून काढावे लागले. मी अशी दिसले असते. आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. काढून टाकता आलं नाही म्हणून मला पुसून, रंगवून उभं केलं होतं. हे फोटोवाल्याने आपल्या मनाने केलेलं नव्हतं. त्याला कोणीतरी सांगितलं होतं, आणि चोख काम कोणाचं ते मला ठाऊक होतं.

बाई कौतुकाने पानं उलटत होत्या. मधेच त्यांनी बोट ठेवलं. "ह्या कोण हो? जवळजवळ प्रत्येक फोटोत आहेत. नवरीच्या अगदी जवळच्या दिसतात."

मोठी भाची म्हणाली, "आत्या."

"अगंबाई, आत्या! मग आज नाही आल्या?"

मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसले होते. भाचीने माझ्याकडे बघितलं नाही. ती आल्बमच्या कडेकडे बघत म्हणाली, "नाही. ती... ती लांब असते."

भावाने खाली बघितलं. धाकटीने ओढणीचं टोक हातात घट्ट धरलं.

मी आवाज चढवला नाही. "मी आलेय," म्हटलं. "मीच आत्या." आणि माझा हात त्या पानावर ठेवला, वाटी धरलेल्या त्या हाताच्या शेजारी, पाचही बोटं पसरून.

बाईंनी माझ्या हाताकडे बघितलं. मग चेहऱ्याकडे. मग फोटोकडे. त्यांच्या तोंडावर तिटकारा नव्हता, भीती नव्हती, काहीच नव्हतं. त्या नुसत्या गोंधळल्या होत्या. लहान मूल विचारेल इतक्या सरळपणे त्यांनी विचारलं, "मग ही कोण?"

वहिनी रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन आत निघाली होती, ती दारातच थांबली. मी मोठ्या भाचीकडे वळले.

"सांग," मी म्हटलं. "त्या विचारतायत. मला माहीत नाही ही कोण. निवडलंस तू, करून घेतलंस तू. सांग त्यांना."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. आत बाळ उठलं आणि रडायला लागलं, ती अर्धवट उठली, पण वहिनीच ट्रे खाली ठेवून बाळाकडे गेली, त्यामुळे तिला पुन्हा बसावं लागलं. बाई अजून वाट बघत होत्या, बोट पानावर तसंच ठेवून.

मी पाठ टेकून बसले. मला कुठे जायची घाई नव्हती.